विषमतेच्या आकड्यांवर वाद घालण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वादविवाद स्पर्धांचा हंगाम आला की 'देशातली आर्थिक विषमता वाढते आहे' हा विषय या ना त्या शब्दांत फिरून येतोच. नाशिकच्या कॉलेजांतली मुलं तयारीला बसतात तेव्हा जे प्रश्न पुन्हा पुन्हा निघतात, आणि भाषणं ऐकून त्यांचे पालक जे विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. कोणत्या बाजूनं बोलायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंना लागू आहे. विषमतेचा प्रत्येक आकडा थोडाफार चुकतो, पण तो कमी दाखवण्याकडे चुकतो की जास्त दाखवण्याकडे, हे बहुतेक वेळा सांगता येतं. ज्याला ते सांगता येतं त्याच्याशी वाद घालणं अवघड जातं.

विषमता वाढली की कमी झाली? एका वाक्यात सांगा.

घरोघरी जाऊन केलेल्या खर्चाच्या पाहण्या बघितल्या तर कमी झाली, उत्पन्नाचे अंदाज बघितले तर वाढली, आणि संपत्तीत वरच्या टोकाचा वाटा वाढला हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात. यापेक्षा छोटं वाक्य कुणी दिलं तर त्यानं यातलं काहीतरी गाळलेलं आहे.

उत्पन्न, खर्च, संपत्ती. शेवटी गोष्ट एकच ना?

अजिबात नाही. निम्मे वाद इथेच फसतात.

निफाड तालुक्यातला चार एकरांचा द्राक्षबागायतदार घ्या. जमीन हमरस्त्याला लागून, म्हणजे भावानं कोट्यधीश. ऑक्टोबरची छाटणी झाली, डिपिंग झालं, विरळणी झाली, मजुरी आणि औषधांची बिलं चुकती झाली, आणि खुडणीच्या तोंडावर गारपीट आली. त्या वर्षी त्याचं उत्पन्न शून्याच्याही खाली. पण घरचा किराणा थांबत नाही, पोराची इंजिनिअरिंगची फी थांबत नाही. सोसायटीचं कर्ज, सोनारापाशी ठेवलेले दागिने, मेहुण्याकडून हातउसने, असं करून खर्च मागच्या वर्षीइतकाच राहतो. आता हा माणूस गरीब की श्रीमंत? उत्पन्न विचारलंत तर तळाला, संपत्ती विचारलीत तर वरच्या दहा टक्क्यांत, खर्च विचारलात तर मधोमध.

यातून दोन गोष्टी निघतात. एकाच वर्षाचं उत्पन्न धरलं तर विषमता खरी आहे त्यापेक्षा जास्त दिसते, कारण वाईट वर्ष गेलेली चांगली घरं तळाला जमा होतात. खर्च धरला तर ती कमी दिसते, कारण पैसेवाला सगळं खर्च करत नाही आणि गरीब उसनवारी करून का होईना, खातोच.

गिनी गुणांक म्हणजे नेमकं काय?

इटलीचे संख्याशास्त्रज्ञ कोर्राडो गिनी यांनी १९१२ मध्ये मांडलेलं माप. सगळ्यांना सारखं मिळालं तर शून्य, सगळं एकालाच मिळालं तर एक. काही जण तेच शंभरावर सांगतात, म्हणून ०.३० आणि ३० पाहून गोंधळू नका.

सूत्र पाठ करण्यापेक्षा एक हिशेब करून बघा. उदाहरण काल्पनिक आहे, पण माणसं सातपूरला रोज दिसणारी. एका चाळीत पाच घरं. घरकामाला जाणाऱ्या ताईंचं घर महिन्याला १० हजारांवर चालतं. कंपनीत ठेकेदाराकडे हेल्पर असलेल्याचं १२ हजारांवर, रिक्षावाल्याचं १५, किराणा दुकानात हिशेब बघणाऱ्याचं १८, आणि त्याच कंपनीत पर्मनंट असलेल्या ऑपरेटरचं ४५ हजारांवर. एकूण एक लाख, सरासरी २० हजार. त्या सरासरीइतकं उत्पन्न चाळीत एकाचंही नाही. चार घरं तिच्या खाली आहेत. गिनी येतो ०.३०.

आता पाहणीवाला आला. ऑपरेटरची सेकंड शिफ्ट, घराला कुलूप. उरलेल्या चार घरांचा गिनी काढला तर ०.१२. चाळीत कुणाचा पगार रुपयानं बदललेला नाही, पण कागदावर ती अचानक समतेचा आदर्श झाली. (प्रत्यक्षात कुलूप असलं की बदली घर घेतात. पण बदली मिळणारं घर सहसा दारात कुणीतरी भेटणारं असतं.)

आणि पाचही घरं सापडली, पण विचारला खर्च, तर? समजा खर्च अनुक्रमे १०, साडेअकरा, १३, १५ आणि २५ हजार. ऑपरेटरचे उरलेले २० हजार फ्लॅटच्या हप्त्यात आणि म्युच्युअल फंडात गेले. गिनी ०.१८. तीच चाळ, तोच महिना, तीन आकडे. आणि तिन्ही बरोबर काढलेले.

भारत जगातला चौथा सर्वांत समान देश आहे, हे खरं का?

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या पत्रकातून ही बातमी आली आणि तेव्हापासून ती प्रत्येक स्पर्धेत ऐकू येते. आकडा खोटा नाही. जागतिक बँकेनुसार भारताचा गिनी २०११-१२ मध्ये २८.८ होता, तो २०२२-२३ मध्ये २५.५ वर आला. यादीत भारताच्या वर फक्त स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया आणि बेलारूस.

गडबड यादीतच आहे. भारताचा आकडा खर्चावरून काढलेला आहे. अमेरिका, स्लोव्हाकिया आणि इतर बऱ्याच देशांचे आकडे उत्पन्नावरून. आपल्या चाळीचा ०.१८ आणि शेजारच्या चाळीचा ०.३० शेजारी ठेवून आपण जिंकल्याचे पेढे वाटण्यासारखं हे झालं. शिवाय बँकेच्या त्याच टिपणात लिहिलेलं आहे की माहितीच्या मर्यादांमुळे विषमता कमी दाखवली गेली असण्याची शक्यता आहे, आणि उत्पन्नाचा गिनी दुसऱ्या एका माहितीसाठ्यानुसार २००४ मधल्या ५२ वरून २०२३ मध्ये ६२ वर गेला आहे. पत्रकात पहिला आकडा आला, दुसरा आला नाही.

मात्र विरोधी बाजूनं लगेच टाळ्या पिटू नयेत. खर्चाचा गिनी खाली आला, याला स्वतःचा अर्थ आहे. तळातल्या घरांचा खर्च मधल्या घरांच्या तुलनेत वाढला असेल, तर ती बातमीच आहे. क्रमांक चुकीचा म्हणून कलही चुकीचा, असं होत नाही.

वरच्या एक टक्क्याकडे २२.६ टक्के उत्पन्न, हा आकडा आला कुठून?

नितीन कुमार भारती, ल्युकास शॉंसेल, थॉमस पिकेटी आणि अनमोल सोमांची या चौघांनी मार्च २०२४ मध्ये मांडलेल्या अभ्यासातून. १९२२ ते २०२३ असा शंभर वर्षांचा पल्ला आहे, कारण १९२२ मध्ये प्राप्तिकराचा कायदा आला आणि तिथून कराची कागदपत्रं मिळू लागतात. २०२२-२३ साठी त्यांचा अंदाज असा: वरच्या १ टक्क्याकडे उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि संपत्तीचा ४०.१ टक्के वाटा. खालच्या निम्म्या लोकांकडे उत्पन्नाचा १५ टक्के.

'अंदाज' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. खालच्या बहुसंख्य लोकांसाठी ते खर्चाच्या पाहण्या घेतात आणि त्या खर्चाचं उत्पन्नात रूपांतर करतात. अगदी वरच्या थरासाठी प्राप्तिकराचे तक्ते घेतात. मग दोन्ही तुकडे जोडतात. पाहण्या वरचा थर गाळतात हे सगळ्यांनाच मान्य असल्यामुळे जोडण्याची कल्पना शहाणपणाचीच आहे. पण सांधा कुठे घातला, खर्चाचं उत्पन्न करताना बचतीचा दर काय धरला, यावर निकाल हलतो. त्यातून कराचे तक्ते सलग नाहीत. २००० च्या सुमारास सरकारनं ते छापणं थांबवलं आणि २०१६ मध्ये पुन्हा सुरू केलं. मधली दहा-अकरा वर्षं, म्हणजे नेमका तेजीचा काळ, अंदाजानं भरलेला आहे.

सुरजित भल्ला यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ या पद्धतीवर कडक टीका करतात. अमेरिकेतही हेच भांडण चालू आहे: पिकेटी, साएझ आणि झुकमन या अर्थतज्ज्ञांच्या मते वरच्या एक टक्क्याचा वाटा झपाट्यानं वाढला, ऑटेन आणि स्प्लिंटर त्याच करखात्याच्या माहितीवरून म्हणतात की कर आणि सरकारी मदत धरली तर १९६० च्या दशकापासून फारसा बदलच नाही. न दाखवलेलं उत्पन्न कुणाच्या पदरात टाकायचं, हा त्यांच्यातला मोठा मतभेद आहे. इतकी माहिती असलेल्या देशात मिटत नाही तो वाद आपल्याकडे एका भाषणात मिटणार नाही.

पण प्राप्तिकराचे रिटर्न म्हणजे तर पक्का पुरावा. लोक सही करून देतात.

सही करून काय देतात ते बघा.

३१ जुलै २०२४ पर्यंत देशात ७.२८ कोटी रिटर्न भरले गेले. एकशेचाळीस कोटींच्या देशात हा वरचा एक पापुद्रा, आणि त्यातल्याही मोठ्या भागाचा कर शून्य. शिवाय शेतीचं उत्पन्न करमुक्त. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचे आणि लासलगावला कांद्याचे एका हंगामात जे पैसे फिरतात त्यांचा फार थोडा भाग करखात्याच्या तक्त्यात उतरतो. (दुसरीकडची कमाई 'शेतीची' म्हणून दाखवणारे लोक कोण असतात, हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. तक्त्याला नसतं.)

आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातलं कलम ४४एडी. छोटा व्यावसायिक हिशेबाच्या वह्या न दाखवता उलाढालीच्या ८ टक्के, आणि पैसे डिजिटल मार्गानं आले असतील तर ६ टक्के, नफा म्हणून दाखवू शकतो. सोय चांगली आहे, पण रविवार कारंज्यावरच्या दोन दुकानदारांपैकी एकाला खरोखर ५ टक्के सुटतात आणि दुसऱ्याला २०. रिटर्नमध्ये दोघेही ८ टक्क्यांवर खांद्याला खांदा लावून उभे. म्हणजे तो आकडा मोजलेला नाही, कायद्यानं सुचवलेला आहे.

संपत्तीचं तर आणखी अवघड. इस्टेट ड्यूटी, म्हणजे माणूस गेल्यावर मागे राहिलेल्या मालमत्तेवरचा कर, १९८५ मध्ये गेली, संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला. कर गेले ते योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. त्यांच्याबरोबर कागदही गेले.

श्रीमंत लोक पाहणीवाल्याला खरं सांगतात का?

आधी तो दारापर्यंत पोहोचतो का, हे विचारा. गंगापूर रोडच्या मोठ्या सोसायटीत गेटवरच नाव, फ्लॅट नंबर, मोबाईल नंबर लिहून घेतात. मग वॉचमन इंटरकॉम लावतो, वरून 'आत्ता नको' येतं आणि विषय संपतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात तोच माणूस ओसरीवर बसतो, पाणी पितो आणि तासभर माहिती घेऊन जातो.

पाहणी करणाऱ्यांना हे माहीत आहे. म्हणूनच २०२२-२३ च्या खर्च पाहणीत घरं निवडताना गावात जमीन किती आणि शहरात चारचाकी आहे का, तीही किती किमतीची, यावरून गट पाडले. सुधारणा खरीच. तरीही राष्ट्रीय हिशेबातला (म्हणजे जीडीपी काढताना धरलेला) एकूण घरगुती खर्च आणि पाहणीतून निघणारा खर्च यांत मोठी दरी असते. २०११-१२ मध्ये पाहणीत सापडलेला खर्च राष्ट्रीय हिशेबाच्या निम्म्याच्या आसपास होता. उरलेला अर्धा कुणाचा, यावर विषमतेचं उत्तर बरंचसं अवलंबून आहे, आणि तो समप्रमाणात सगळ्यांचा असेल असं मानायला फार भोळेपणा लागतो.

तळ मात्र नीट मोजला जातो, असंही समजू नका. पेठ, सुरगाण्याची कुटुंबं पावसाळ्यानंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात. कुणी बागेतल्या शेडमध्ये राहतं, कुणी नाशिकच्या मजूर अड्ड्यावर पहाटे उभं राहतं. गावातलं घर बंद, आणि जिथे राहतात तिथे त्यांचं 'घर' नाही. वरचा आणि खालचा, दोन्ही शेवट निसटले की मधलाच समाज मोजला जातो. इथे चूक एकाच दिशेची आहे: विषमता कमी दिसते.

मग सरळ उत्पन्नच का विचारत नाहीत?

विचारून झालंय. राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० मध्ये संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकारानं सुरू झाली, आणि पन्नास-साठच्या दशकांत काही फेऱ्यांमध्ये उत्पन्नाचे प्रश्न घातले गेले. लोकांनी सांगितलेलं उत्पन्न त्यांच्याच खर्च आणि बचतीच्या बेरजेपेक्षा कमी भरलं. मिळवतात कमी, खर्च करतात जास्त, आणि वर शिल्लकही टाकतात! तो नाद तेव्हा सोडून दिला गेला.

खोटेपणा हे याचं एकच कारण नाही. मासिक पगाराच्या माणसाला उत्पन्न माहीत असतं. कांदा साठवणीच्या चाळीत ठेवून तीन खेपांत विकणाऱ्याला उलाढाल पाठ असते, खर्च वजा जाऊन काय उरलं ते बायकोला थोडं आणि आडत्याला थोडं माहीत असतं. मालेगावच्या यंत्रमागवाल्याचंही तेच. ओझरला विमान कारखान्यात नोकरी करणाऱ्याला हा प्रश्न पाच सेकंदांचा, कांदेवाल्याला आणि यंत्रमागवाल्याला अर्ध्या दिवसाचा.

दिल्लीची अर्थसंशोधन संस्था एनसीएईआर आणि अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ यांच्या पाहणीनं २००४-०५ आणि २०११-१२ मध्ये खोदून खोदून उत्पन्न विचारलं. त्यातून गिनी ०.५ च्या वर आला, म्हणजे खर्चाच्या गिनीपेक्षा कितीतरी जास्त. आता केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयानं २०२६ मध्ये देशव्यापी घरगुती उत्पन्न पाहणी ठरवली आहे. तिच्या पूर्वचाचणीत बहुतेकांनी प्रश्न नाजूक असल्याचं सांगितलं, आणि कर किती भरता हे सांगायला बरेच जण तयार नव्हते. कुणाला आश्चर्य वाटू नये.

उत्पन्नाचा दाखला तर तहसीलचा असतो. तो पुरावा म्हणून चालेल?

दाखला कशासाठी काढला ते आधी विचारा. पिवळ्या शिधापत्रिकेची मर्यादा वर्षाला १५ हजार, केशरीची एक लाखापर्यंत, लाडकी बहीणसाठी अडीच लाख, नॉन-क्रीमी लेअरसाठी आठ लाख. लोकांची उत्पन्नं या रेषांच्या थोडी अलीकडे येऊन थांबतात, यात नवल ते काय. तोच माणूस घरकर्जासाठी बँकेत गेला की उत्पन्न वाढतं. भाषणात हे उदाहरण जरूर द्या, पण पुरावा म्हणून नको.

२०११-१२ चे आकडे आणि २०२२-२३ चे आकडे शेजारी ठेवता येतील का?

जपून. या प्रश्नाला आपल्याकडे मोठा इतिहास आहे.

१९९९-२००० च्या फेरीत खाण्याच्या वस्तूंसाठी गेल्या ७ दिवसांचा आणि गेल्या ३० दिवसांचा, असे दोन्ही खर्च एकाच घराला विचारले. आधीच्या मोठ्या फेऱ्यांत फक्त ३० दिवस असायचे. सात दिवसांचा आकडा सांगून झाल्यावर माणूस महिन्याचा आकडा त्याच्याशी जुळवूनच सांगतो. गरिबी १९९३-९४ मधल्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आली. किती घट खरी आणि किती प्रश्नावलीची, यावर अर्थतज्ज्ञ अँगस डीटन यांच्यासह अनेकांनी पुढे वर्षानुवर्षं वाद घातला. फक्त आठवायला किती दिवस दिले, यावर कोट्यवधी माणसं दारिद्र्यरेषेच्या वर-खाली झाली.

२०१७-१८ ची पाहणी झाली, पण माहितीच्या दर्जाचं कारण देऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारनं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध न करण्याचं ठरवलं. त्याआधीच वर्तमानपत्रात फुटलेल्या मसुद्यात खर्च घटल्याचं दिसत होतं. दर्जा खरोखर खराब असेलही. पण माहिती समोर ठेवून तसं दाखवता आलं असतं. दडवलेल्या आकड्यावर दोन्ही बाजूंना हवं ते म्हणता येतं, आणि तसंच झालं.

२०२२-२३ मध्ये पद्धत बदलली. एकाच बैठकीत सगळं विचारण्याऐवजी घराला तीन वेळा भेट: एकदा खाणंपिणं, एकदा रोजच्या वापराच्या वस्तू आणि सेवा, एकदा टिकाऊ वस्तू. त्यामुळे माणूस कंटाळत नाही, आणि नोंदलेला खर्च वाढतो. दरमहा दरडोई खर्च गावात ३,७७३ आणि शहरात ६,४५९ रुपये आला. फुकट मिळालेलं धान्य वगैरेची किंमत धरली तर ३,८६० आणि ६,५२१. नवी पद्धत जुनीपेक्षा बरी आहे. पण खर्चात झालेली वाढ थोडी लोकांची आहे आणि थोडी प्रश्नावलीची, हे वेगळं काढता येत नाही.

असे वाद आधीही झालेत का?

सगळ्यात गाजलेला १९६३ मध्ये लोकसभेत झाला. राममनोहर लोहिया म्हणाले, देशातले २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर (रुपयाचे सोळा आणे) जगतात. पंडित नेहरूंचा आकडा पंधरा आण्यांचा. नियोजन सांभाळणारे गुलजारीलाल नंदा साडेसात आण्यांवर आले. (त्याच वर्षी नाशिकनं यशवंतराव चव्हाणांना बिनविरोध लोकसभेत पाठवलं होतं.)

आज शांतपणे बघितलं तर तिघांची मोजपट्टी वेगळी होती. पंधरा आणे दिवसाला म्हणजे वर्षाला सुमारे ३४२ रुपये, हा सगळ्या देशाच्या सरासरीच्या जवळ जाणारा आकडा. त्यात कारखानदारही आला. लोहिया बोलत होते खालच्या साठ टक्क्यांबद्दल. सरासरी सांगून तळाबद्दलच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही, हे त्या वादानं कायमचं दाखवून दिलं, जरी तीन आण्यांचा आकडा स्वतः तपासणीत टिकला नाही. तीन वर्षांआधीच, १९६० मध्ये, सरकारनं महालनोबिस यांच्या अध्यक्षतेखाली नेमक्या याच प्रश्नावर समिती नेमली होती. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दारिद्र्याचा जो अभ्यास केला, त्यात आधी उष्मांक ठरवले आणि मग रुपये मोजले. वादाची पातळी तिथे उंचावली.

'आठ माणसांकडे अर्ध्या जगाइतकी संपत्ती' हे वापरू का?

नको. २०१७ मध्ये ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेनं ते सांगितलं. आदल्या वर्षी तीच संस्था ६२ माणसं म्हणत होती. वर्षभरात ५४ अब्जाधीश गळाले नाहीत. भारत आणि चीनबद्दलची माहिती सुधारली आणि तळाची संपत्ती आधी वाटली त्याहून कमी निघाली. नवी माहिती आधी असती तर ६२ च्या जागी ९ आले असते, असं ऑक्सफॅमनंच सांगितलं. शिवाय संपत्तीतून कर्ज वजा होतं, त्यामुळे शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असलेला परदेशातला नवा डॉक्टर कागदावर सुरगाण्याच्या मजुरापेक्षा गरीब ठरतो. आणि मुळात तुमचा विषय उत्पन्नाचा असेल तर हा आकडा दुसऱ्याच खोलीतला आहे.

विकास झाला की विषमता आधी वाढते आणि मग आपोआप कमी होते म्हणे?

अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९५५ मध्ये मोजक्या श्रीमंत देशांच्या माहितीवरून हे सुचवलं. आपल्या लेखात ५ टक्के माहिती आणि ९५ टक्के तर्क आहे, असं त्यांनी तिथेच लिहून ठेवलं होतं. उद्धृत करणारे ते वाक्य सोडून बाकी सगळं उद्धृत करतात.

गरिबी कमी होत असेल तर विषमतेचं दुःख कशाला?

हा खरा मतभेदाचा प्रश्न आहे आणि आकड्यांनी तो सुटत नाही. चाळीतल्या पाचही घरांचं उत्पन्न दुप्पट झालं तर गिनी ०.३० च राहतो. ताईंचं घर १० वरून २० हजारांवर, ऑपरेटरचं ४५ वरून ९० वर. एक बाजू म्हणेल विषमता तसूभर वाढली नाही. दुसरी म्हणेल अंतर ३५ हजारांचं होतं ते ७० झालं, आणि चाळीतल्या खोलीचं भाडं आता ९० हजारवाला ठरवेल. दोघेही बरोबर, एक प्रमाण मोजतो, दुसरा अंतर.

गरिबीत सुधारणा आहे, हे नाकारून बोलू नका. नीती आयोगाच्या बहुआयामी निर्देशांकात (तो आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान बघतो, उत्पन्न नाही) २०१५-१६ ते २०१९-२१ या काळात गरिबांचं प्रमाण २४.८५ वरून १४.९६ टक्क्यांवर आलं. पण त्यामुळे विषमतेचा प्रश्न निकालात निघतो असंही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३८(२) मध्ये उत्पन्नातली विषमता कमी करण्याचा प्रयत्न राज्यानं करावा असं वेगळं लिहिलेलं आहे. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं ते आलं. घटनेत असलं म्हणजे अर्थशास्त्रात सिद्ध झालं असं नव्हे, पण 'हा प्रश्नच फिजूल' म्हणणाऱ्याला ते पुरे.

डोळ्यांनी दिसतं ते पुरावा नाही का?

आहे, पण कशाचा ते बघा. अंबड एमआयडीसीत एकाच लाइनवर एकाच यंत्रापाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी कंत्राटी कामगाराच्या हातात पर्मनंटच्या तुलनेत फारच कमी पडतं, हे दिसतं आणि खरं आहे. ते विषमता कशी तयार होते हे दाखवतं. देशात ती गेल्या दहा वर्षांत वाढली की घटली, हे कॉलेज रोडवरच्या गाड्या मोजून कळत नाही. २०१८ च्या मार्चमध्ये नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्या शेतकऱ्यांचे रक्ताळलेले पाय सगळ्यांनी पाहिले. त्यांत वनजमिनीचा हक्क मागणारे आदिवासी मोठ्या संख्येनं होते. त्यांची तक्रार उत्पन्नाच्या कुठल्याच पाहणीत शोधून सापडणार नाही, कारण सातबाऱ्यावर नाव नसणं हा रकाना तिथे नसतो.

नाशिक जिल्ह्याचा गिनी किती?

विश्वास ठेवावा असा नाही. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न राज्याचा अर्थ व सांख्यिकी विभाग काढतो, पण ती सरासरी आहे. त्यात सिन्नरचा कारखाना आणि पेठची नागली एकाच भागाकारात जातात. २०२२-२३ च्या खर्च पाहणीत अख्ख्या देशातून २,६१,७४६ घरं घेतली. जिल्हे सातशेहून जास्त, म्हणजे जिल्ह्याला सरासरी साडेतीनशेच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत ६१ लाख माणसं असलेला, पंधरा तालुक्यांचा जिल्हा तेवढ्या घरांत मावत नाही, आणि साडेतीनशेचा वरचा एक टक्का म्हणजे तीन-चार घरं. त्यांतलं एक कुलूपबंद निघालं तर चाळीच्या हिशेबात झालं तेच इथे होईल. जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय पाहण्यांची रचना जिल्हा हा घटक धरून करायला सुरुवात झाली आहे, तेव्हा पुढे काही हाती लागेल. तोवर व्यासपीठावरून 'नाशिकचा गिनी' म्हणून कुणी दशांश चिन्हानंतर तीन अंक सांगितले, तर घरं किती होती आणि त्यांना उत्पन्न विचारलं होतं की खर्च, एवढंच विचारा.